तिसऱ्या घेताना आणि साफ करताना
तिसऱ्या (खाण्याचे छोटे शिंपले) घट्ट मिटलेल्या पाहून घ्याव्यात. एखादी किंचित उघडी असल्यास तिच्यावर टिचकी मारावी आणि तरीही ती मिटली नाही, तर मेलेली समजून टाकून द्यावी. घरी आणल्यावर वरचा चिखल चोळून धुवावा व १ लिटर पाण्याला साधारण ३० ग्रॅम मीठ या प्रमाणात केलेल्या खाऱ्या पाण्यात त्या तास-दोन तास ठेवाव्यात, म्हणजे आतली बरीचशी वाळू बाहेर पडते. साध्या पाण्याने हे काम होत नाही. विळीवर उघडणे जड जात असेल, तर आधी अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवाव्यात आणि सैल पडताच लगेच उघडून शिजवाव्यात. उघडताना निघणारे पाणी (पुष्कळजण ते उगाच ओतून देतात) फडक्यातून गाळून कालवणात घालावे. ते मुळातच खारट असल्याने मीठ शेवटी, चव पाहूनच घालावे.