कॅमेरे आणि पीएलसी एकाच वायरवर आणण्याआधी

रविवारच्या शटडाउनमध्ये कॅमेरे प्रॉडक्शन लाइनच्या नेटवर्कवर घ्यायचे असतील, तर तयारी शुक्रवारीच उरका. आधी कागदावर प्रत्येक ड्राइव्हपुढे (मोटर चालवणारं युनिट) दोन आकडे लिहा: पीएलसीकडून (लाइन चालवणारा कंट्रोलर) डेटा दर किती मिलिसेकंदांनी येतो, आणि किती वेळ आला नाही तर ती ट्रिप होते, म्हणजे स्वतःहून बंद पडते. प्रोफिनेटचा (पीएलसी आणि ड्राइव्ह ज्यावर बोलतात तो प्रोटोकॉल) अपडेट 4 मिलिसेकंदांचा आणि वॉचडॉग (डेटाची वाट बघण्याची मुदत) नेहमीचा तीन सायकलचा असेल, तर हातात 12 मिलिसेकंद आहेत. पुढचं सगळं या 12शी ताडून बघायचं.

आयटीवाले ग्राफ दाखवतील, अपलिंक (स्विचेसना जोडणारी मुख्य वायर) जेमतेम आठ टक्के भरलेली. ती पाच मिनिटांची सरासरी असते, तिच्यावर जाऊ नका. कॅमेऱ्याचं एक पूर्ण चित्र दीडशे केबीचं धरलं तरी त्याची शंभरेक पॅकेट होतात. 100 एमबीपीएसवर मोठं पॅकेट बाहेर पडायला साधारण 0.12 मिलिसेकंद लागतात. दोन-तीन कॅमेऱ्यांचे गठ्ठे एकदम आले आणि शंभर पॅकेटांची रांग लागली, की मागे उभ्या ड्राइव्हच्या इवल्याशा पॅकेटचे 12 मिलिसेकंद तिथेच संपले. आमची लाइन अशीच मधूनमधून पडायची, आणि आम्ही महिनाभर एन्कोडरच्या (मोटरची स्थिती मोजणारा सेन्सर) केबल बदलत बसलो होतो!

प्रोफिनेटचं रिअल-टाइम पॅकेट व्हीलॅन टॅगमध्ये (पॅकेटवरची छोटी चिठ्ठी) 6 नंबरची प्रायॉरिटी घेऊनच निघतं. वाटेतला प्रत्येक स्विच ती मानतो का, हे एकेक पोर्ट उघडून बघा. मानली, तर ड्राइव्हच्या पॅकेटला फक्त वायरवर आधीच चढलेलं पॅकेट संपेपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे प्रत्येक स्विचला फार तर 0.12 मिलिसेकंद. प्रोफिनेटऐवजी इथरनेट/आयपी हा प्रोटोकॉल असेल तर प्रायॉरिटीची खूण डीएससीपीत (पॅकेटच्या आयपी हेडरमधला आकडा) असते, ती सेटिंग वेगळी. कॅमेऱ्यांची प्रायॉरिटी शून्यावरच ठेवा, साहेबांच्या केबिनमधून कितीही फोन आले तरी. आणि पॅनेलची दारं उघडून बघा: कुणीतरी कधीकाळी डीन रेलवर (पॅनेलमधली पट्टी) चिकटवलेला पाच पोर्टचा साधा, सेटिंग नसलेला स्विच सापडतोच, ड्रॉइंगमध्ये नसलेला. तो काढा.

जुन्या कॉन्फिगरेशनचा बॅकअप, ब्रॉडकास्टची (सगळ्यांना एकदम जाणारी पॅकेट) मर्यादा, मिरर पोर्टवर (दुसऱ्या पोर्टच्या पॅकेटची नक्कल देणारा पोर्ट) वायरशार्क हे पॅकेट बघायचं सॉफ्टवेअर लावलेला लॅपटॉप, हे ओघानं आलंच.

चाचणी माल न घालता, सगळे कॅमेरे फुल क्वालिटीवर ठेवून तासभर घ्या. लॅपटॉपवर दोन पॅकेटांमधलं सर्वांत मोठं अंतर तेवढं बघा. शेवटी रिंगची (स्विच गोलाकार जोडलेले असतील तर) एक केबल उपसा. एमआरपीला (केबल तुटल्यावर दुसरी वाट धरणारा प्रोटोकॉल) रिंग सावरायला 200 मिलिसेकंदांपर्यंत लागू शकतात, तिथे प्रायॉरिटी कामाची नाही. तेव्हा केबल तुटली तर लाइन थांबलेली चालेल का, हे प्रॉडक्शनकडून शनिवारीच लेखी घ्या.