बायोकेमिस्ट व्हायचंय? मग आधी मूठभर सोयाबीन भिजत घाला

नीटचा निकाल लागला की दरवर्षी गावाकडून फोन सुरू होतात. मार्क थोडक्यात हुकलेले असतात, लातूरला दोन वर्षं क्लास लावून घरचे पैसे गेलेले असतात, अन बाप विचारतो की लेकरानं बीएस्सी बायोकेमिस्ट्री घेतली तर पुढं काय हाय का. हाय. पण दरवेळी तेच तेच फोनवर सांगून घसा बसायलाय म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी हे काम नेमकं कशाचं ते. मी पीएचडीला असताना वडलांचा फोन आला, काय करायलास? म्हणलं प्रोटीन काढायलोय. तर म्हणे ते जिमवाल्या पोरांचं डब्यातलं का? आता तेच प्रोटीन पण तसं नाही. अमिनो ॲसिडचे मणी ओवलेली छोटी माळ म्हणजे पेप्टाइड, अन लांब माळ नीट घडी होऊन बसली की प्रोटीन. इन्सुलिन ५१ मण्यांचं, एक दोर २१ चा अन एक ३० चा, त्याला कुणी पेप्टाइड म्हणतं कुणी प्रोटीन, त्यावर भांडत बसू नका. घडी मोडली की गुण बदलतो, चीक उकडून खरवस होतो तो त्यातलाच प्रकार. अन कधी कधी एकच मणी बदलतो, सिकलसेल या रक्ताच्या आजारात हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिनच्या माळेत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं, बाकी सगळं जसंच्या तसं, तरी माणूस जन्मभर कळा सोसतो. आपल्याकडं हा आजार असलेल्या किनवट भागातल्या लोकांना हे वेगळं सांगायची गरज नाही.

बीएस्सीला काय घ्यायचं? बायोकेमिस्ट्री विषय सगळ्या कॉलेजात नसतो, नसला तर रडू नका, पण केमिस्ट्री सोडू नका. केमिस्ट्री सोडून नुसतं बॉटनी-झूलॉजीवर आलेली पोरं पुढं बफर, म्हणजे पीएच हलू न देणारं द्रावण, बनवताना अडकतात, पीएच म्हणजे काय हे एमएस्सीला शिकत बसतात.

आता हात कसा तयार करायचा, कारण माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट हीच हाय अन क्लासवाले हेच शिकवत नाहीत. मशिनी पुण्याला अन हैदराबादला, आपल्याकडं काय? आपल्याकडं सोयाबीन हाय. (भावाचं विचारू नका.) कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इनहिबिटर असतात, म्हणजे आपल्या पोटात प्रोटीन तोडणारं जे ट्रिप्सिन एन्झाइम असतं त्याला हे बांधून ठेवतात, म्हणून तर सोयाबीन कच्चं खात नाहीत. त्यात मोठा कुनिट्झ इनहिबिटर, साधारण २० किलोडाल्टनचा (प्रोटीनचं वजन मोजायचं माप), अन छोटा बोमन-बर्क, ७१ मण्यांचा पण सात डायसल्फाइड, म्हणजे गंधकाच्या, गाठी मारलेला, त्यामुळं उकळलं तरी सहजासहजी दाद देत नाही.

करायचं असं. सोयाबीनचं पीठ करा, ॲसिटोननं त्यातलं तेल काढून टाका, हे लॅबमधल्या फ्यूम हूडखाली (वाफा ओढून घेणारं कपाट) अन ज्योतीपासून लांब, मग वाळलेलं पीठ बफरमध्ये दोन-तीन तास ढवळत ठेवा अन सेंट्रिफ्यूज करा, म्हणजे मशीनमध्ये जोरात फिरवून गाळ खाली बसवा. वरचं पाणी म्हणजे तुमचा अर्क. एका टेस्ट ट्यूबमध्ये ट्रिप्सिन अन बापना नावाचं सबस्ट्रेट (एन्झाइम जे तोडतं ते) घाला, पिवळं हुईल. दुसरीत ट्रिप्सिनमध्ये आधी अर्क घाला, पाच-दहा मिनिटं थांबा अन मग बापना टाका, पिवळं हुणार नाही किंवा लई कमी हुईल. ४१० नॅनोमीटरच्या प्रकाशात त्या पिवळ्या रंगाचं रीडिंग घ्या. मग अर्क उकळून परत करा, मग जास्त वेळ उकळून परत करा, अन ग्राफ काढा. बापना पाण्यात नीट विरघळत नाही, आधी डीएमएसओ नावाच्या थोड्या द्रावकात विरघळवा, मी पहिल्यांदा थेट पाण्यात टाकलं अन अर्धा दिवस हलवत बसलो.

याच्या पुढची पायरी तर आपल्याच घरची हाय अन आपल्याच पोरांना माहीत नसते. जेलवर वेगळे केलेले इनहिबिटर एक्स-रे फिल्मवर दाखवायची पद्धत १९९४ ला छापून आली ती औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, आपल्या मराठवाडा विद्यापीठातून. कल्पना एकदम साधी. जुन्या एक्स-रे फिल्मवर जिलेटिनचा थर असतो अन जिलेटिन म्हणजे प्रोटीनच. नेटिव्ह जेल, म्हणजे प्रोटीनची घडी न मोडता त्यांना वेगळं करणारं जेल, चालवा, ट्रिप्सिनच्या द्रावणात भिजवा, फिल्मवर ठेवा. ट्रिप्सिन जिलेटिन खाऊन टाकतं, पण जिथं इनहिबिटरचा पट्टा असतो तिथं त्याला खाता येत नाही, मग फिल्म पाण्याखाली धुतली की तेवढेच पट्टे राहतात. लाखाची मशीन नको. फक्त आता दवाखान्यात सगळं डिजिटल झाल्यामुळं जुनी फिल्म मिळवायलाच फिरावं लागतं, तालुक्याच्या एक्स-रेवाल्याकडं मुदत संपलेला डबा पडलाय का विचारून बघा.

एमएस्सीला संभाजीनगर अन नांदेड दोन्ही विद्यापीठं हायेतच, बाहेर जायचं तर प्रवेश परीक्षा जॅम, सीयूईटी पीजी, अन बायोटेकसाठी गॅट-बी. त्यानंतर पीएचडीच्या फेलोशिपसाठी सीएसआयआर नेट ही परीक्षा. लाइफ सायन्सेसचा पेपर २०० मार्काचा, ए पार्टमध्ये २० पैकी १५, बीमध्ये ५० पैकी ३५, सीमध्ये ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे अन चुकलं की त्या प्रश्नाच्या मार्काचा पाव हिस्सा कापतात. सी पार्ट पाठांतरानं निघत नाही, त्यात प्रयोगाचे आकडे देऊन विचारतात, म्हणून वरचं सोयाबीन. जेआरएफ ही फेलोशिप निघाली तर महिना ३७,००० अन दोन वर्षांनी तीच वाढून एसआरएफ ४२,०००, वर घरभाडं. घरी हे आकडे सांगा, लग्नाचा विषय दोन वर्षं मागं पडतो. मात्र पैसे दर महिन्याला पहिल्या तारखेला येतात असं समजू नका, चार-चार महिने थांबून एकदम आलेले मी बघितलेत.

पीएचडीला विषय निवडताना आधी रोग निवडू नका, प्रोटीन निवडा. "मला कॅन्सरवर काम करायचंय" असं म्हणणारी पोरं शंभर असतात. त्यापेक्षा आपल्या बांधावरचं फुरसं बघा. त्याच्या विषात एकिस्टॅटिन नावाचं ४९ मण्यांचं पेप्टाइड असतं, ते रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी एकमेकांना चिकटू देत नाही, त्याच्या नमुन्यावरून हार्ट अटॅकच्या पेशंटला देतात ते टिरोफिबन बनलं. घोणसाच्या विषातलं एक प्रोटीन रक्त गोठवणारा फॅक्टर टेन चालू करतं, म्हणून ते विष रक्ताच्या एका तपासणीत वापरतात. प्रश्न असा हातात मावणारा पाहिजे. (साप पकडायला मात्र जाऊ नका, विष परवानगीवाल्यांकडून येतं.)

रोजचं काम कंटाळवाणं असतं हे आधीच सांगतो. प्रोटीन बर्फावर ठेवायचं, प्रोटीन तुटू नये म्हणून प्रोटिएज इनहिबिटर घालायचा, पॉलिअॅक्रिलामाइडचं जेल ओतायच्या आधी हातमोजे, कारण न गोठलेलं अॅक्रिलामाइड मज्जातंतूंना घातक. वहीत तारीख, केमिकलच्या बाटलीवरचा लॉट नंबर, सगळं. मी एका ठिकाणी प्रोजेक्ट करत होतो तिथं शनिवारी लाइट गेली अन जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं, सोमवारी डीप फ्रीझर उघडला तर सहा महिन्यांचे सॅम्पल कोमट पाण्यात तरंगत होते. तेव्हापासून प्रत्येक सॅम्पलचे दोन भाग दोन फ्रीझरमध्ये. अन पैसे भरा, आठ दिवसात पेपर छापतो म्हणणाऱ्या जर्नलचे मेल येतील, डिलीट करा.

शेवटचं, उन्हाळ्यात कुठल्यातरी चांगल्या लॅबमध्ये दोन महिने जा. सायन्स अकॅडमीची समर फेलोशिप असते, नाही मिळाली तर थेट मेल करा, पुण्यात आयसर, एनसीएल, एनसीसीएस या संशोधन संस्था अन नांदेडहून रात्रीची गाडी धरली तर हैदराबादचं सीसीएमबी. रिस्पेक्टेड सर लिहून एकच मेल साठ जणांना पाठवू नका. मी पाठवला होता, बीसीसी करायचं विसरून, साठही जणांना साठही पत्ते दिसले. एकाच मॅडमचं उत्तर आलं, एक ओळ, माझा कुठला पेपर वाचलायस? वाचला नव्हता. मग आठ दिवस डिक्शनरी घेऊन एक पेपर वाचला, तिसऱ्या फिगरमधला एक पट्टा का फिका हाय तेवढं विचारलं, अन त्यांनी लिहिलं, मे महिन्यात ये, येताना अॅप्रन आण.