फोटो एडिटिंगसाठी लॅपटॉप घेताय? स्क्रीनच्या बाबतीत या चुका टाळा

लग्नाचे अल्बम असोत की सोलापुरी चादरींचे कॅटलॉग, तक्रार ठरलेली: स्क्रीनवर लाल बरोबर होता, प्रिंट भडक आली. खापर प्रिंट काढणाऱ्या लॅबवर फुटतं. खरं तर फिकट स्क्रीनवर लाल रंग विटकरी दिसतो, म्हणून आपण सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) वाढवत जातो आणि बिघडलेली फाइलच लॅबला देतो.

'फुल एचडी आयपीएस' वाचून पैसे मोजणे

आयपीएस म्हणजे बाजूने पाहिलं तरी रंग फारसे पालटत नाहीत, एवढंच. माहितीपत्रकात '४५% एनटीएससी' (रंगांचं जुनं टीव्ही माप) दिसलं तर तो लॅपटॉप सोडा; असा पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारा स्क्रीनचा भाग, एसआरजीबीतले (फोटो आणि वेबसाठी सर्रास वापरला जाणारा रंगसंच) जेमतेम ६०-६५ टक्के रंग दाखवतो. '१००% एसआरजीबी' आणि किमान ३०० निट्स (स्क्रीनच्या उजेडाचं माप) हवेत. गेमिंग लॅपटॉपवरच्या १४४ हर्ट्झचा (चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं त्याचा) रंगांशी काही संबंध नाही. महागडं ग्राफिक्स कार्ड आणि मरगळलेली स्क्रीन अशी जोडी सर्रास मिळते.

एकाच नावाच्या मॉडेलमध्ये दोन-तीन वेगळे पॅनल असू शकतात. डब्यावरच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर घ्या आणि कंपनीच्या साइटवर त्याच नंबरची माहिती पाहा. दुकानदाराच्या 'सेमच आहे हो' वर जाऊ नका.

डेमो व्हिडिओवर भुलणे

काळ्या पार्श्वभूमीवर झगमगणारे रंग कुठल्याही स्क्रीनवर देखणेच दिसतात. सोलापूरच्या नवी पेठेत खरेदीला जाताना पेन ड्राइव्हवर स्वतःचे फोटो न्या. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतला, भर उन्हात काढलेला नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा फोटो यासाठी फार उपयोगी: पांढऱ्याशुभ्र बाराबंदीच्या (अंगरख्याच्या) चुण्या दिसतात की सगळं सपाट पांढरं होतं? पांढऱ्यावर पिवळी किंवा निळी झाक येते का? दुसरा फोटो मरून चादरीचा, अगदी जवळून. नक्षीतल्या गडद-फिक्या छटा एकमेकींत मिसळल्या तर पॅनल कमी पडतोय. सोबत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा ग्रेडियंट (पट्टे दिसू नयेत) आणि एक पूर्ण काळी इमेज ठेवा. ती लावून कडांतून उजेड झिरपतो का बघा. त्याआधी नाइट लाइट आणि व्हिविड मोड बंद करा, नाहीतर सगळी तपासणी फुकट.

ओएलईडी स्क्रीनचा (हिचा प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो) काळा रंग अप्रतिम, पण ती स्क्रीन एसआरजीबीपेक्षा जास्त रंग दाखवते. कलर मॅनेजमेंट (फाइलचे रंग स्क्रीननुसार जुळवणं) नसलेल्या ॲपमध्ये फोटो उगाच रसरशीत दिसतात, त्यामुळे एसआरजीबी मोड आहे ना ते विचारा. तासन्‌तास एकाच जागी राहणाऱ्या टूलबारचा डाग पडू शकतो. टास्कबार आपोआप लपेल असा ठेवा.

रॅम १६ जीबी. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती नंतर वाढवता येत नाही, म्हणून आधीच घ्या.

घेतल्यावरही रंग जुळत नसतील तर

प्रिंट काळपट येते? बहुधा स्क्रीन फार उजळ आहे. एडिटिंग करताना १०० ते १२० निट्स पुरतात. उजेड मोजायचा मीटर नसेल तर खोलीतल्या उजेडात कोरा पांढरा कागद स्क्रीनशेजारी धरा आणि स्क्रीनचा पांढरा तेवढाच दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा.

फोटो बदलला की उजेड आपोआप कमी-जास्त होतो? विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये कंटेंटनुसार ब्राइटनेस बदलण्याचा पर्याय बंद करा. मॅकवर ट्रू टोनही बंद करा; ते खोलीतल्या उजेडानुसार रंगांची झाक बदलतं.

लॅपटॉपवर छान, मोबाइलवर मळकट? फाइल अडोबी आरजीबीत (एसआरजीबीपेक्षा मोठ्या रंगसंचात) एक्सपोर्ट झाली असेल, एसआरजीबी निवडा.

कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजून दुरुस्त करणारं यंत्र) मिळाला तर स्क्रीन अर्धा तास चालू ठेवून मगच लावा. त्यात पांढऱ्या रंगासाठी ६५०० केल्विन आणि मधल्या छटांसाठी गॅमा २.२ निवडा. पण जो रंग पॅनलमध्येच नाही, तो कॅलिब्रेशनने येत नाही.

अल्बमची पूर्ण ऑर्डर देण्याआधी त्याच कागदावर एक ४×६ नमुना काढून घ्या आणि लॅबला त्यांचं ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा. ते चालू राहिलं तर नमुना पाहून स्क्रीनबद्दल काहीच कळणार नाही.