आपल्या सवयींमागची जाहिरात कशी शोधायची

दिवसाला दहा हजार पावलं चालायची हे कोणी ठरवलं असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, डॉक्टरांनी. तर तसं नाहीये. १९६४ ला टोकियोत ऑलिम्पिक झालं, जपानमध्ये व्यायामाचं वारं होतं, आणि १९६५ मध्ये यामासा नावाच्या कंपनीने कमरेला अडकवायचं, पावलं मोजणारं यंत्र काढलं आणि नावातच दहा हजारांचा आकडा टाकला. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता, विकायला सोपा होता. २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली यांचा वयस्कर बायकांवरचा अभ्यास आला, त्यात दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्या बायकांमध्येही, अगदी कमी चालणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं आणि ७,५०० च्या आसपास पुढे फायदा वाढायचा थांबला. तरी फोनमध्ये आकडा दहा हजारच, आणि रात्री साडेनऊ हजारावर अडकला की माणसं घरातल्या घरात फेऱ्या मारतात.

चालणं चांगलंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण बघा, ते मूळ यंत्र आज कोणाकडे नसेल, त्या कंपनीचं नावही कोणाला माहीत नाही, आणि तिने टाकलेला आकडा मात्र अख्ख्या जगाच्या रोजच्या दिवसात जाऊन बसलाय. जाहिरातीचं खरं काम मला इथे दिसतं. वस्तू विकणं हा तिचा छोटा भाग, त्याआधी ती त्या वस्तूसाठी आपल्या आयुष्यात जागा तयार करते, एखादी भीती, एखादा प्रसंग, एखादा आकडा, एखादी 'मी असा माणूस आहे' ही भावना, आणि एकदा जागा झाली की ती तिथेच राहते आणि पुढच्या पिढीला ती परंपरा वाटायला लागते. ही जागा ओळखायची कशी ते सांगते. जाहिरातींवर राग म्हणून नाही, मला स्वतःला चांगली अ‍ॅड परत परत बघायला आवडते, पण काय चाललंय ते कळून बघण्यात जास्त मजा आहे आणि पैसेही वाचतात.

आधी एक सवय पकडा आणि विचारा, हे कधीपासून?

अ‍ॅडपासून सुरुवात करू नका, सवयीपासून करा. जे तुम्हाला 'असंच असतं' वाटतं ते घ्या. साखरपुड्याला हिऱ्याची अंगठी, बायकांनी काखेतले केस काढणं, तोंडाला वास येईल म्हणून माउथवॉश, एखाद्या दिवशी गिफ्ट द्यायलाच पाहिजे असं वाटणं. मग घरातल्या किंवा ओळखीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा की तुमच्या लहानपणी हे होतं का. 'नव्हतं' किंवा 'फक्त श्रीमंतांकडे होतं' असं उत्तर आलं तर समजा धागा सापडला. पुढे जुन्या मासिकांच्या, वर्तमानपत्रांच्या स्कॅन कॉप्या इंटरनेटवर भरपूर आहेत, त्यातले लेख सोडा आणि फक्त जाहिराती बघत जा. दहा-दहा वर्षांच्या उड्या मारल्या तरी चालेल. एखादी गोष्ट आधी अजिबात दिसत नाही आणि मग एकदम पानापानावर दिसायला लागते, ते वर्ष लिहून ठेवा.

काखेतल्या केसांचंच बघा. १९१५ मध्ये जिलेट कंपनीने बायकांसाठी वेगळा रेझर काढला, त्याच सुमारास अमेरिकन फॅशन मासिकांत बिनबाह्यांचे कपडे घालायचे तर काख गुळगुळीत हवी असं सांगणाऱ्या जाहिराती यायला लागल्या. पुरुषांकडे रेझर पोचले होतेच, आता उरलेल्या अर्ध्या लोकसंख्येला ग्राहक करायचं तर आधी तिला काहीतरी खटकायला हवं होतं.

मग बघा की नेमकं विकलं काय

अंगठी विकली, साबण विकला हे उत्तर इथे चालणार नाही. स्वतःला विचारायचं की ही वस्तू घ्यायच्या आधी मला काय वाटायला लावलं.

भीती हा सगळ्यात जुना आणि अजूनही जोरात चालणारा प्रकार. लिस्टरीन १८७९ मध्ये बनलं ते जंतुनाशक म्हणून, ऑपरेशन वगैरेसाठी. १९२० च्या दशकात त्याच्या जाहिरातींमध्ये एकदम उदास चेहऱ्याच्या मुली दिसायला लागल्या, सगळ्या मैत्रिणींची लग्नं झाली, हिचं होत नाही, आणि कारण तिला कोणी सांगत नाही. कारण काय, तर तोंडाचा वास. हे फार हुशार आणि फार निर्दय होतं, कारण स्वतःच्या तोंडाचा वास स्वतःला नीट कळत नाही, म्हणजे ज्याला काही त्रास नाही तोसुद्धा खात्री देऊ शकत नाही आणि बाटली घेऊन टाकतो. आजच्या स्किनकेअरच्या अ‍ॅड लावून बघा, सांगाडा तोच आहे. तुम्हाला स्वतःला नीट तपासता येणार नाही असा दोष, बाकी सगळ्यांना तो दिसतोय असा इशारा, आणि लगेच उपाय.

दुसरा प्रकार प्रसंगाचा, आणि संस्कृती सगळ्यात जास्त बदलते ती याने असं माझं मत आहे. वस्तू एखाद्या दिवसाला चिकटवून दिली की दरवर्षी परत परत समजवावं लागत नाही, कॅलेंडरच काम करतं. जपानमध्ये ख्रिश्चन लोक फारच कमी, तिथे केएफसीने, म्हणजे तळलेलं चिकन विकणाऱ्या केंटकी फ्राइड चिकनने, १९७४ मध्ये 'ख्रिसमसला केंटकी' असं कॅम्पेन केलं आणि आज तिथे कितीतरी कुटुंबं त्या रात्रीसाठी आधीपासून ऑर्डर देऊन ठेवतात. हिऱ्याचंही तसंच. डी बीअर्स या कंपनीसाठी एन. डब्ल्यू. आयर या एजन्सीतल्या फ्रान्सिस गेरेटी या कॉपीरायटरने १९४७ मध्ये हिरा कायमचा असतो अशा अर्थाची टॅगलाइन लिहिली. बघा त्यात काय काय झालं, प्रेम कायमचं म्हणून हिरा, आणि हिरा कायमचा म्हणून तो परत विकायचा नाही, त्यामुळे जुने हिरे बाजारात येऊन भाव पडायची भीतीही कमी. चार शब्दांच्या ओळीत दोन्ही कामं. पुढे १९६७ मध्ये कंपनी जपानमध्ये शिरली, तेव्हा तिथे हिऱ्याची अंगठी देणाऱ्या जोडप्यांचं प्रमाण जेमतेम ५ टक्के होतं, १९८१ पर्यंत ते सुमारे ६० टक्क्यांवर गेलं. पंधरा वर्षंसुद्धा लागली नाहीत. आणि अंगठीवर किती खर्च करावा हेसुद्धा जाहिरातीनेच पगाराच्या महिन्यांमध्ये मोजून सांगितलं.

तिसरा प्रकार ओळखीचा, म्हणजे ही वस्तू वापरणारा माणूस कसा. मार्लबोरो ही सिगरेट १९२० च्या दशकात चक्क बायकांसाठी म्हणून विकली जायची, सौम्य आणि नाजूक. १९५० च्या दशकाच्या मध्यावर लिओ बर्नेटच्या एजन्सीने घोड्यावरचा काऊबॉय आणला आणि तीच सिगरेट मर्दानगीची खूण झाली. म्हणून एखादा ब्रँड 'आपल्यासारख्या लोकांचा' वाटला की तो दहा वर्षांपूर्वी कोणाचा होता ते शोधा, बऱ्याचदा वेगळंच निघतं.

चौथा प्रकार आकड्याचा, त्याचं वर आलंच आहे. दिवसातून दोनदा, आठवड्यातून तीनदा, अमुक ग्लास, अमुक स्टेप्स, असा कुठलाही गोल आकडा ऐकला की तो कुठून आला एवढं तरी विचारा.

पैसा कोणाचा ते शोधा

याला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण सगळ्यात परिणामकारक जाहिराती जाहिरात म्हणून येतच नाहीत, बातमी म्हणून येतात, चळवळ म्हणून येतात, सल्ला म्हणून येतात.

१९२९ च्या ईस्टर संडेला न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर काही तरुण मुली मिरवणुकीत सगळ्यांसमोर सिगरेट ओढत चालल्या आणि त्याला त्यांनी स्वातंत्र्याच्या मशाली म्हटलं. पेपरात फोटोसकट बातम्या आल्या, बायकांनी रस्त्यात सिगरेट ओढणं वाईट मानलं जायचं त्या काळात हे धाडस होतं. पण त्यामागे होता एडवर्ड बर्नेज, कंपन्यांसाठी प्रसिद्धीचं काम करणारा, मनोविश्लेषक फ्रॉइडचा भाचा, आणि त्याला पैसे देत होती लकी स्ट्राइक बनवणारी अमेरिकन टोबॅको कंपनी. बायका सिगरेट का ओढत नाहीत हे त्याने आधी ए. ए. ब्रिल या मनोविश्लेषकाला विचारून घेतलं होतं. बायकांची समानतेची इच्छा खरी होती, ती कोणी बनवलेली नव्हती, आणि मला हेच सगळ्यात जास्त लागतं की इतकी खरी इच्छा उचलून तंबाखूला जोडली गेली.

दुसरं उदाहरण कचऱ्याचं. १९७१ मध्ये अमेरिकेत टीव्हीवर एक जाहिरात आली, मूळनिवासी माणूस होडीतून येतो, सगळीकडे कचरा बघतो आणि त्याच्या डोळ्यातून एक थेंब पडतो. लोक हेलावले. ती संस्था होती कीप अमेरिका ब्युटिफुल, १९५३ मध्ये सुरू झालेली, आणि तिच्या मागे होत्या कॅन, बाटल्या आणि पॅकेजिंगवाल्या कंपन्या. आणि तो अभिनेता मूळनिवासी नव्हता, इटालियन वंशाचा होता. रस्त्यावर कचरा टाकू नये हे बरोबरच आहे, पण या जाहिरातीने प्रश्नाचं तोंड फिरवलं, एकदा वापरून फेकायच्या बाटल्या बनवणारा बाजूला राहिला आणि दोषी झाला फेकणारा. त्यामुळे जाहिरात जेव्हा सांगते की हे तुमच्या हातात आहे, तेव्हा अजून कोणाच्या हातात आहे ते बघायचं.

शोधायचं कसं, तर संस्थेच्या वेबसाइटवर 'आमचे भागीदार' किंवा वार्षिक अहवाल उघडा, कुठल्याही सर्व्हेची बातमी असेल तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, 'कोणासाठी केला' हे बहुतेक तिथे असतं, आणि 'तज्ज्ञ म्हणतात' असं आलं की तज्ज्ञाचं नाव आणि तो कुठे नोकरी करतो ते बघा. नाव नसेल तर ती ओळ सोडून द्या.

आवाज बंद करून बघा

हा व्यायाम मुलांबरोबर करायला फार छान. एखादी अ‍ॅड आधी आवाज बंद करून बघायची, मग डोळे मिटून फक्त ऐकायची. आवाज नसताना कळतं की घर केवढं मोठं आहे, कोण काम करतंय आणि कोण बसलंय, वस्तू नेमकी किती सेकंद दिसते, बहुतेक वेळा खूपच कमी. नुसतं ऐकताना कळतं की भावना गाण्यातून आली होती, वस्तूतून नाही. आणि मग मुलांना विचारा यात काय दाखवलंच नाही. किंमत? कचरा? ज्याने बनवलं तो माणूस? मुलं पटापट सांगतात.

रील्सच्या जमान्यात

मालिकेच्या मध्ये ब्रेक आला की जाहिरात सुरू, असं आता राहिलेलं नाही असं सगळे म्हणतात, पण ते पूर्वीही तेवढं सरळ नव्हतं. १९३३ मध्ये अमेरिकेत रेडिओवर 'मा पर्किन्स' नावाची रोजची मालिका सुरू झाली ती प्रॉक्टर अँड गॅम्बलची कपडे धुवायची पावडर खपवायला, आणि अशा साबण कंपन्यांच्या पैशावर दुपारच्या मालिकांचा अख्खा प्रकार उभा राहिला. मिशेलिन टायर कंपनीने १९०० मध्ये गाडीवाल्यांना गाईड फुकट वाटलं, लोक जास्त फिरतील, टायर जास्त झिजतील, आणि आज मोठमोठे शेफ त्याच गाईडने हॉटेलांना दिलेल्या स्टारसाठी जीव टाकतात. फरक एवढाच की आता हे तुमच्या मैत्रिणीसारख्या बोलणाऱ्या माणसाकडून येतं आणि तुमच्यासाठी निवडून येतं. 'पेड पार्टनरशिप' असं बारीक अक्षरात आहे का ते आधी बघा, पण नसलं तरी एका आठवड्यात चार वेगळे इन्फ्लुएन्सर तीच बाटली धरून दिसले, सगळ्यांचं कौतुक साधारण त्याच क्रमाने आलं, खाली डिस्काउंट कोड आहे, तर तो योगायोग समजू नका. आणि आवडलं तर एक काम करा, सेव्ह करून ठेवा आणि आठवड्याने उघडा. माझ्या बाबतीत बहुतेक गोष्टींची ओढ तोवर गेलेली असते.

गोष्ट फारच मस्त असेल तर तपासा

जाहिरातवाले स्वतःचीही जाहिरात करतात, त्यामुळे 'हे सगळं अमुक ब्रँडने बनवलं' अशा कथा भरपूर फिरतात. लाल कपड्यातला सांताक्लॉज कोका-कोलाने बनवला ही त्यातली सगळ्यात फेमस. खरं म्हणजे थॉमस नास्ट या चित्रकाराने एकोणिसाव्या शतकातच गुबगुबीत दाढीवाला सांता रंगवला होता. कोका-कोलासाठी हॅडन संडब्लॉमने १९३१ पासून जी चित्रं काढली त्यांनी तो चेहरा जगभर पक्का केला, एवढंच म्हणता येईल. आणि हेही लक्षात ठेवा की बहुतेक कॅम्पेन्स कोणाच्याच लक्षात राहत नाहीत, आपण फक्त गाजलेल्यांच्या गोष्टी सांगतो.

आणि तुम्हालाच काही बदलायचं असेल तर

याच युक्त्या चांगल्या कामालाही चालतात. १९८८ मध्ये हार्वर्डच्या जे विन्स्टन यांनी अमेरिकेत एक कॅम्पेन सुरू केलं, पार्टीला जाताना ग्रुपमधल्या एकाने प्यायचं नाही आणि त्यानेच गाडी चालवायची. कल्पना स्कँडिनेव्हियातून घेतलेली. त्यांनी हॉलीवूडच्या टीव्ही मालिकांच्या लेखकांना भेटून हा एक संवाद गोष्टीत टाका एवढीच विनंती केली, आणि चार सीझनमध्ये १६० च्या वर एपिसोड्समध्ये तो आला. कोणाला उपदेश केला नाही, दारू सोडा म्हटलं नाही, फक्त त्या माणसाला 'डेझिग्नेटेड ड्रायव्हर' असं एक नाव दिलं आणि एक मानाची जागा दिली.

तेव्हा सोसायटीत, शाळेत, ऑफिसात काही सुरू करायचं असेल तर पोस्टरवर 'कृपया' लिहिण्याआधी हे कागदावर लिहा: हे नेमकं कधी करायचं, करणारा कोण, त्याला आपण काय म्हणायचं, आणि बाकीच्यांना तो ते करताना कुठे दिसेल. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सापडत नसेल तर पोस्टर छापायला देऊ नका, आधी ती जागा शोधा.