डिस्चार्ज घेण्याआधी बाळाच्या पायाचंही सॅच्युरेशन बघा

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात प्रसूती वॉर्डाची सिस्टर म्हणून मला १९ वर्षं झाली. आमच्याकडे महिन्याला साधारण ६० बाळंतपणं होतात. हृदयात जन्मजात दोष असणारी बाळं हजारात आठ-नऊ असतात. म्हणजे वर्षाकाठी सहा-सात अशी बाळं आमच्याच वॉर्डातून दुपट्यात गुंडाळून घरी जातात. हे सांगितलं की नातेवाईक म्हणतात, "आमच्या घरात कुणालाच नाही." घरात कुणाला नसलं तरी होतं, आणि बहुतेक वेळा कारण सापडतही नाही. ग्रहणात भाजी चिरल्यानं तर नक्कीच होत नाही. बाळंतिणीला बोल लावू नका.

बऱ्याच बाळांच्या हृदयाच्या पडद्यातलं भोक लहान असतं, आपोआप बुजतं. पण साधारण चारातल्या एकाचा दोष गंभीर असतो. असं बाळ पहिले एक-दोन दिवस छान गुलाबी दिसू शकतं, कारण पोटात असताना रक्त वळवणारी डक्टस नावाची नळी जन्मानंतरही थोडा काळ उघडी असते. ती मिटली की बाळ काही तासांत ढासळतं.

म्हणून २४ तास उलटले की, घरी निघण्याआधी, सिस्टरला सांगा: उजव्या हाताचं आणि एका पायाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, बघा. उजवाच हात, कारण त्याला जाणारं रक्त त्या नळीच्या आधी फुटतं. पायमोजा काढा, गार पाऊल तळहातात धरून ऊब द्या, मग प्रोब, म्हणजे मशीनची उजेडाची पट्टी, गुंडाळा. पावलातून लाल उजेड आरपार दिसतो. बाळ रडत असेल तर आकडा नाचतो. शांत होऊ द्या. दोन्हीकडे ९५ टक्के किंवा वर आणि फरक ३ पेक्षा जास्त नाही, तर ठीक. कुठेही ९० च्या खाली आला तर त्याच क्षणी डॉक्टर. मधलं काही आलं तर तासाभरानं पुन्हा.

पण भोक असलेलं बाळ या तपासणीत सुटू शकतं. चार वर्षांपूर्वी आमच्याकडे जन्मलेला एक मुलगा दीड महिन्याच्या डोसला आला. जन्माचं वजन २ किलो ९००, आता ३ किलो १००. आजी म्हणाली, "आळशी आहे, दोन घोट पितो नि झोपतो." जानेवारीची सकाळ होती. मी टोपडं काढलं तर जावळ घामानं चिंब. आईला तिथंच पाजायला बसवलं. तीन-चार घोट, सोडलं, धाप, परत धरलं, परत सोडलं. श्वास मोजले, ७२. टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, मोठी व्हीएसडी निघाली, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक. जन्मतः फुफ्फुसांतला दाब जास्त असतो, त्यामुळे भोकातून फार रक्त जात नाही. आठवड्यांनी दाब उतरला की फुफ्फुसांत रक्ताचा लोंढा जातो. डिस्चार्जच्या दिवशी आम्ही त्या आईला लसीची तारीख सांगितली होती, पिताना काय बघायचं ते सांगितलं नव्हतं. मला ते अजून टोचतं. तेव्हापासून प्रत्येकीला सांगते.

बघायचं ते असं. बाळ झोपलं असताना अंगावरचं दुपटं बाजूला करा, मोबाइलवर एक मिनिटाचा टायमर लावा आणि पोटाची वरखाली बघून श्वास मोजा. ६० च्या वर गेले तर थोड्या वेळानं पुन्हा मोजा. तेवढेच आले, किंवा फासळ्यांखाली खड्डा पडत असेल, तर थांबू नका. निळेपणा जिभेवर आणि ओठांच्या आत बघा, दिवसाच्या उजेडात. सावळ्या बाळाचा तर तिथंच कळतो. पहिल्या दिवसांत हातपाय निळसर दिसले तर ते बहुधा थंडीनं. जीभ निळी दिसली तर १०८ लावा.

वजन दोन आठवड्यांत जन्माएवढं व्हायला हवं, पुढे दिवसाला २०-३० ग्रॅम. आशाताई घरी येतात तेव्हा दरवेळी वजन करून घ्या आणि आकडा लिहून ठेवा.

दोष निघालाच तर पैशाच्या धास्तीनं घरी बसू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची हृदयाची शस्त्रक्रिया मोफत होते. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत, म्हणजे अशा मुलांच्या लवकर उपचाराच्या केंद्रात, चौकशी करा.

आणि डॉक्टरकडे जाण्याआधी बाळ पितानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, उघड्या छातीचा, टोपडं न घालता. ओपीडीत बाळ एक तर झोपलेलं असतं नाही तर रडत असतं, आणि पिताना काय होतं नेमकं तेच डॉक्टरांना दिसत नाही.