टक्के कशाचे, हे आधी विचारा

कामावरच्या अपघाताचं पहिलं प्रकरण हातात आलं की नवखा वकील किंवा संघटनेचा कार्यकर्ता आधी कलमं चाळतो. कलमं कुठे पळून जात नाहीत. आधी दवाखान्याचा पहिला केसपेपर मिळवा. लोटे औद्योगिक वसाहतीतला कारखाना असो की राजापूरकडची चिरेखाण, म्हणजे जांभ्या दगडाची खाण, जखमी माणसाला गाडीत घालून आणतो तो मुकादम, आणि डॉक्टरांना सांगतोही तोच: "घरी पडला." ते वाक्य कागदावर उतरलं की पुढे पुसता पुसत नाही. म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांना हात जोडून विनंती आहे. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्यालाच विचारा आणि त्याच्याच शब्दांत लिहा. "खाणीवर चिरा कापताना उजवा हात मशीनच्या पात्यात गेला", पुढे तारीख आणि वेळ. ही एक ओळ चार साक्षीदारांचं काम करते.

कामगार भरपाईचा १९२३ चा कायदा तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, पण भरपाईचं गणित तेच राहिलं. कामावर जाता-येतानाचा अपघात, त्याचा कामाशी संबंध दाखवता आला तर, आता संहितेतच स्पष्ट धरला आहे. आणि कामगाराचा ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचा, नंबर आहे का, हे पहिल्याच दिवशी बघा. असेल तर मालकाविरुद्धचा हा भरपाईचा दावा चालत नाही, त्याचा रस्ता वेगळा.

आता ज्या खड्ड्यात जवळपास प्रत्येक नवखा पडतो, तो खड्डा. अपंगत्वाचे टक्के आणि कमाईची ताकद किती गेली त्याचे टक्के, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुन्हा सांगतो, वेगळ्या. बस-रेल्वेच्या सवलतीसाठी मिळतं ते दिव्यांग प्रमाणपत्र शरीराचं मोजमाप सांगतं. भरपाई ठरते ती माणूस किती कमवू शकत नाही यावर.

बोट तुटलं, डोळा गेला अशा इजांचे टक्के कायद्याच्या परिशिष्टात ठरलेले आहेत: अंगठा ३०, तर्जनी १४, एका हाताची चारही बोटं ५०. तिथे डॉक्टरांनी काही कमी लिहिलं तरी परिशिष्टच चालतं. तळाची टीपही वाचा, ती कोणी वाचत नाही. अवयव जागेवर आहे पण कायमचा पूर्ण निकामी झाला, तर तो गेला असंच धरतात.

घोळ होतो तो परिशिष्टात न बसणाऱ्या इजांत. समजा ३५ वर्षांच्या खाणकामगाराचा उजवा हात चिरडला. बोटं शाबूत आहेत, पण मूठ वळत नाही. डॉक्टर सरळ मनाने लिहितात, "उजव्या हाताला २० टक्के कायमचं अपंगत्व." उलटतपासणीत विमा कंपनीचा वकील एवढंच विचारतो: "हे हाताचे झाले, पूर्ण शरीराचे किती?" डॉक्टर म्हणतात, "दहा." झालं. आता हिशेब करा. पगार १८,००० असला तरी हिशेबात धरायच्या पगाराची मर्यादा १५,००० ची. कायद्याच्या सूत्राप्रमाणे त्याचे ६० टक्के ९,०००, गुणिले वयाप्रमाणे कायद्यात ठरलेला ३५ व्या वर्षाचा गुणक १९७.०६, म्हणजे १७,७३,५४०. याचे दहा टक्के १,७७,३५४. पण हा माणूस आता चिरा उचलूच शकत नाही, दुसरं काम त्याला येत नाही, आणि म्हणून कमाईची ताकद ६० टक्के गेली असं डॉक्टरांनी कारणांसह लिहिलं असतं, तर तीच रक्कम १०,६४,१२४ झाली असती. हात तोच, इजा तीच.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना नुसते एक्स-रे नेऊ नका. कामगार दिवसभर काय करायचा ते एका कागदावर लिहून न्या: काय उचलायचा, कोणती मशीन धरायचा, किती तास उभा असायचा. प्रमाणपत्रात तीन गोष्टी याव्यात: कोणती हालचाल किती उरली, त्यामुळे कोणतं काम जमत नाही, आणि म्हणून कमाईची ताकद किती टक्के गेली. डावा हात कोपराच्या वर कापलेल्या सुताराची कमाईची ताकद शंभर टक्के गेली, हे सर्वोच्च न्यायालयाने सत्तरच्या दशकातच मान्य केलं आहे.

कोर्टाबाहेर पैसे घेऊन टक्के वाढवून देणारे भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका. असा कागद पहिल्या चार प्रश्नांत फाटतो आणि खरी इजाही खोटी वाटायला लागते. माझं ठाम मत असं, की कोल्हापूर-मुंबईच्या नामांकित तज्ज्ञापेक्षा जवळचा हाडांचा डॉक्टर बरा, कारण तो साक्षीला येतो. साक्षीला न येणाऱ्याच्या प्रमाणपत्रावर दावा उभा राहत नाही.

"शेठने बिल भरलं, आता कसली भरपाई?" हे तुम्हाला हमखास ऐकवतील. उपचाराचा खर्च वेगळा, तो भरपाईतून वजा होत नाही. स्टॅम्प पेपरवरच्या तडजोडीला कामगाराचा अंगठा घेतला असेल तरी घाबरू नका. ती भरपाई आयुक्तांकडे रीतसर नोंदवली नसेल तर मालकाची पूर्ण देणेदारी कायम राहते. मृत्यूच्या प्रकरणात तर वारसांच्या हातात परस्पर दिलेली रक्कम, तीन महिन्यांच्या पगाराएवढी उचल सोडली तर, भरपाई म्हणून धरत नाहीत.

मालकाने फुकट वैद्यकीय तपासणीला बोलावलं तर कामगाराला नक्की पाठवा. नकार दिला तर हक्क तेवढा काळ थांबतो. दावा लावायची मुदत अपघातापासून दोन वर्षांची आहे. जखम स्थिरावायला वेळ लागतो, पण प्रमाणपत्राची वाट बघत दावा अडवू नका. आधी दाखल करा, कागद मागाहून जोडता येतो.

खाणीवरची बरीच माणसं कर्नाटकातली, अपघातानंतर ती गावी निघून जातात. दावा त्यांच्या राहत्या ठिकाणीही लावता येतो. मात्र ती निघण्याआधी हजेरीपटाचे आणि आठवड्याच्या हिशेबाच्या वहीचे फोटो काढून घ्या. पावसाळ्यात खाण बंद झाली की ती वही सापडत नाही.

व्याज मागायला विसरू नका: १२ टक्के, अपघातानंतर महिनाभरात पैसे दिले नाहीत तर. ५० टक्क्यांपर्यंतचा दंड त्याहून वेगळा, आणि तो विमा कंपनीकडून नाही, मालकाकडून मागायचा. अर्जात दोन्ही मागण्या वेगवेगळ्या लिहा.