तिसऱ्या आठवड्यात काटा अडतो तेव्हा: आहार-व्यायामातल्या या चुका टाळा

पहिला आठवडा झकास जातो. साखर बंद, रात्रीचं जेवण निम्मं, पहाटे गजर व्हायच्या आधीच जाग, आणि वजनाचा काटा दोन-अडीच किलो खाली. दुसऱ्या आठवड्यात अर्धा किलो. तिसऱ्यात मात्र काटा ढिम्म हलत नाही, एखाद्या सकाळी तर वरच चढतो. मग बहुतेक जण दोनपैकी एक करतात. जेवण आणखी छाटतात, नाहीतर "आपल्याला वाराही अंगी लागतो बुवा" म्हणून सगळं सोडून देतात. मी दोन्ही केलंय, आणि याच क्रमाने.

तिसऱ्या आठवड्यात खरं तर काही बिघडलेलं नसतं. आपण पहिला आठवडाच चुकीचा वाचलेला असतो.

गेलं ते पाणी

आपलं शरीर यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा करून ठेवतं. त्याला ग्लायकोजेन म्हणतात. मोठ्या माणसात तो साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो, आणि त्यातला प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून बसतो. जेवण एकदम कमी केलं, त्यातही भात, ब्रेड, साखर कमी केली, की आधी हा साठा उपसला जातो आणि त्याच्याबरोबर पाणीही निघून जातं. त्यामुळे चार दिवसांत दीड-दोन किलो उतरतात. चरबीला इतकी घाई नसते. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० किलोकॅलरी (रोजच्या बोलण्यातल्या कॅलरी). रोज ५०० कमी पडल्या, तर तेवढी जायला पंधरा दिवस लागणार. म्हणजे आठवड्याला अर्धा किलो हा चांगला वेग झाला, आणि तिसऱ्या आठवड्यात आपण ज्याला अपयश समजतो तो बहुधा हाच वेग असतो.

हा अर्धा किलोही रोजच्या चढउतारात सहज लपतो. काल खारट खाणं झालं असेल, पोट साफ झालं नसेल, मासिक पाळी जवळ आली असेल किंवा परवाच्या व्यायामाने स्नायू सुजले असतील, तर अंगात एखादा किलो पाणी जास्त असतं. म्हणून एका सकाळचा आकडा गंभीरपणे घेऊ नका. रोज त्याच वेळी वजन करून आठवड्याची सरासरी काढा आणि तिची गेल्या आठवड्याच्या सरासरीशी तुलना करा. ज्यांचा काटा पाहून दिवस खराब होतो, त्यांनी तो सरळ कपाटात ठेवावा आणि पंधरा दिवसांतून एकदा बेंबीच्या रेषेत कंबर मोजावी. वजन तेच आणि कंबर दोन सेंटिमीटर कमी, असं झालं तर काम चालू आहे असं समजा.

चार आठवड्यांची सरासरीही जागची हलली नाही, तर मात्र हिशेब तपासायला हवा.

वहीत न उतरलेले घास

१९९२ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात असे लोक घेतले होते, जे १,२०० किलोकॅलरींपेक्षा कमी खातो तरी वजन उतरत नाही असं सांगत होते. संशोधकांनी त्यांच्या शरीरात ऊर्जा किती खर्च होते ते मोजलं. चयापचय ठीकठाक निघाला. घोळ नोंदीत होता. सांगितलं त्यापेक्षा ते बरंच जास्त खात होते. सरासरी काढली तर खाल्लेल्यातलं सुमारे ४७ टक्के नोंदवलंच गेलं नव्हतं, आणि हालचाल मात्र खरी होती त्यापेक्षा ५१ टक्के जास्त लिहिली होती. ही माणसं लबाड नव्हती. आपण ताटातलं मोजतो आणि ताटाबाहेरचं विसरतो, तसंच त्यांचं झालं होतं.

ताटाबाहेर काय काय असतं? स्वयंपाक करताना घेतलेली चव, मुलांच्या ताटात उरलेलं "वाया कशाला घालवायचं" म्हणून खाल्लेलं, ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर घेतली की तिथेच सव्वाशेच्या आसपास किलोकॅलरी झाल्या. पण सगळ्यात मोठा चोर म्हणजे तेल. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलीमध्ये, साधारण १२० किलोकॅलरी असतात, आणि भाजीत तेल दिसतही नाही. त्यासाठी रोज चमचे मोजत बसायची गरज नाही. महिन्याला घरात किती तेल लागतं ते बघा आणि त्याला माणसांनी आणि दिवसांनी भागा. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ४२ मिली झालं, म्हणजे सव्वातीनशेहून जास्त किलोकॅलरी एकट्या तेलाच्या. हा भागाकार मी केला त्या दिवशी घरात जरा शांतता होती.

व्यायामाच्या बाजूला याच्या उलटी चूक होते. सत्तर किलोच्या माणसाने तासभर बेताच्या वेगाने चालून साधारण २५० किलोकॅलरी खर्च होतात. म्हणजे दोन मोठे चमचे तेल. मनगटावरचं घड्याळ यापेक्षा मोठा आकडा दाखवू शकतं, आणि त्यात नुसतं बसून राहिलात तरी खर्च झाल्या असत्या त्या कॅलरीही पुष्कळदा धरलेल्या असतात. तो आकडा पाहून "आज चाललोय, एक तर खाऊ" असं म्हटलं की हिशेब उलटा फिरलाच.

उपाय थोडक्यात: तीन दिवस, त्यातला एक सुट्टीचा, तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट लिहा, आणि खाल्ल्या खाल्ल्या लिहा. रात्री आठवून लिहिलेली यादी नेहमी सज्जन असते. तीन दिवस पुरतात. जन्मभर कॅलरी मोजत बसणं हा मात्र वेगळाच आजार आहे.

दिवसभर संयम, रात्री डबे

"दिवसभर काही खात नाही, पण रात्री आठनंतर मला काय होतं कुणास ठाऊक." असं म्हणणाऱ्याला आपण इच्छाशक्ती कमी म्हणून मोकळे होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने जवळपास निम्म्या आहारावर ठेवलं होतं. त्यांना दिवसरात्र अन्नच दिसू लागलं. पाककृतींची पुस्तकं वाचायची, एकेक जेवण तासभर पुरवत बसायचं, चिडचिड करायची. नंतर मनसोक्त खायला मिळालं तेव्हा पोट भरलं तरी हात थांबेना. त्या उपासमारीच्या काळातला त्यांचा आहार होता रोज साधारण १,६०० किलोकॅलरी. आज वजन कमी करायला निघालेली कितीतरी माणसं याहूनही कमी खाण्याचा संकल्प करतात आणि दहाव्या दिवशी स्वतःला दोष देतात.

सकाळचा नाश्ता टाळणं ही चूकच, असं मी म्हणणार नाही. काहींना तो खरंच लागत नाही. पण तुमची रात्र दर वेळी डब्यांपाशी संपत असेल, तर दुरुस्ती दिवसा करायची. दुपारच्या जेवणात प्रथिनं आणि भाजी वाढवा, चारच्या सुमारास काहीतरी ठरवून खा. प्रथिनांची किमान गरज किलोमागे सुमारे ०.८ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नासेक ग्रॅम. अंड्यात सहा ग्रॅम, दुधाच्या मोठ्या ग्लासात आठ. डाळी आणि कडधान्यं तर आहेतच, पण पातळ डाळीत पाणीच जास्त, हे लक्षात ठेवा. प्रथिनं पचवायलाच शरीराला जास्त ऊर्जा लागते आणि पोटही जास्त वेळ भरलेलं राहतं. मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत.

एक तास घाम, पंधरा तास खुर्ची

१९५३ साली जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरने लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालक दिवसभर बसून, तर वाहक दिवसभर जिने चढत-उतरत. दोघांचं वातावरण तेच, पण वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. यात व्यायामशाळेचा काही संबंध नव्हता.

१९९९ मध्ये अमेरिकेत सोळा जणांना आठ आठवडे रोज १,००० किलोकॅलरी जादा खायला घातलं. कुणाची चरबी अर्ध्या किलोहून कमी वाढली, कुणाची चार किलोंहून जास्त. फरक पाडला तो उठणं, बसणं, चुळबुळ करणं, येरझाऱ्या घालणं अशा हालचालींनी, ज्यांना कुणी व्यायाम म्हणणार नाही. सकाळी तासभर घाम गाळून दिवसभर "आज माझं झालंय" म्हणत लोळणाऱ्याची ही हालचालच नकळत कमी होते. मग व्यायाम करूनही फरक का दिसत नाही, याचं उत्तर व्यायामात शोधण्यात अर्थ नाही. फोन आला की उभे राहा. पाण्याची बाटली छोटी ठेवा, म्हणजे भरायला उठावं लागेल. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला. त्याने जेवणानंतरची रक्तातली साखरही कमी चढते.

दहा हजार पावलांचं ओझं मात्र घेऊ नका. हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये एक पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचा मापक' असा होता. रोज तीन हजार चालणाऱ्याने पाच हजार केली, तरी त्याचा फायदा मोठा आहे.

फक्त चालणं

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, हा त्याच शिफारशीचा दुसरा भाग सोयीस्करपणे गाळला जातो. वय वाढतं तसे स्नायू झिजतात, आणि नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं तर चरबीबरोबर तेही जातात. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठून बसा, भिंतीला हात लावून दंड मारा. सुरुवातीला एवढं खूप झालं. आणि पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाची चरबी जात नाही. शरीर चरबी कुठून काढायची ते आपल्याला विचारत नाही.

दुखतंय, थांबू की चालू ठेवू?

नवीन व्यायामानंतर एक ते तीन दिवस दोन्ही मांड्या किंवा दोन्ही दंड बोथट दुखत असतील, तर काळजी नको. ते लॅक्टिक अॅसिडमुळे नसतं, ते तर व्यायाम संपल्यावर तासा-दोन तासांत निघून जातं. हे दुखणं स्नायूंना सवय नसलेल्या ताणाचं असतं आणि हलकी हालचाल केली की बरं वाटतं. पण दुखणं सांध्यात असेल, एकाच बाजूला असेल, टोचत असेल, सूज असेल किंवा जिना उतरताना अचूक एकाच जागी कळ येत असेल, तर तिथे जिद्द दाखवू नका. बहुतेक वेळा कारण एकच असतं: पहिल्या आठवड्याच्या उत्साहात तिसऱ्या महिन्याचा व्यायाम. छातीत दाब, हात किंवा जबड्यात कळ, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळा दम लागला, तर घरगुती उपाय न करता तातडीने दवाखाना गाठायचा.

'हेल्दी' पाकीट

पाकिटाच्या दर्शनी बाजूवर जाहिरात असते, मजकूर मागे असतो. मागे आधी घटकांची यादी बघा. बहुतेक देशांत ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे पहिल्या तिनांत साखर, सिरप किंवा तेल असेल तर पुढे 'मल्टिग्रेन' लिहिण्याला फारसा अर्थ नाही. मग कॅलरी किती ग्रॅमला लिहिल्यात ते बघा. तीस ग्रॅमचा आकडा छापलेला असतो आणि आपण सव्वाशे ग्रॅमचं पाकीट संपवतो. २०१९ च्या एका प्रयोगात वीस जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं, हवं तेवढं खायची मुभा देऊन. ताटात वाढलेल्या अन्नात साखर, चरबी, मीठ, तंतू सारखेच होते, तरी पाकिटातल्या अन्नावर ते रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात होते, आणि खाण्याचा वेगही जास्त होता. फळांचा रस हीही तीच गोष्ट. तीन संत्री खायला वेळ लागतो, प्यायला अर्धं मिनिट.

झोप

हिच्याबद्दल लांबण लावत नाही. सात तासांहून कमी झोप झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि तीही गोड-तळलेल्याची. संध्याकाळी सहाच्या कॉफीतलं जवळपास निम्मं कॅफिन रात्री अकराला अंगात असतं.

चूक तुमची नसेलही

हे सगळं तपासून झालं, वही प्रामाणिक आहे, तेल कमी झालंय, दोन-तीन महिने गेले, आणि तरी वजन वाढतंच आहे. मग थायरॉईड, पीसीओएस (स्त्रियांमधला संप्रेरकांचा, म्हणजे हार्मोन्सचा विकार) किंवा तुमची औषधं याकडे बघायला हवं. स्टेरॉईड, इन्सुलिन आणि नैराश्यावरची काही औषधं वजन वाढवतात. ती मनानेच बंद करणं धोक्याचं. मधुमेहाची औषधं चालू असताना अचानक जेवण कमी केलं तर साखर घसरून माणूस कोसळू शकतो, म्हणून त्यांनी आहार बदलण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं. काहीही न करता वजन उतरत असेल तर तेही दाखवायला हवं. जाताना औषधांची यादी घ्या आणि ती तीन दिवसांची वहीही न्या. "मी फार काही खात नाही हो" हे वाक्य डॉक्टर दिवसातून वीस वेळा ऐकत असतील. वही क्वचितच कुणी आणतं.